मॅक, विंडोज की लिनक्स? : एका पोस्टरवाल्याच्या मुलीचं मत

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी झाडीबोली, शाळेत इंग्रजी आणि हॉस्टेलवर नागपुरी हिंदी, असे तीन दगडांवर पाय ठेवून मी इथवर आले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात आणि त्यातूनही सुटतील त्या वाचकांनी पोटात घालाव्यात. इंग्रजी विभागात लिही असं मैत्रिणी म्हणत होत्या. पण हा विषय मराठीतच का लिहायचा, ते लेख संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.

तर मंडळी, आमच्या मेसमध्ये दोनच विषयांवर खरी भांडणं होतात. पहिला, पोह्यांवर तर्री किती घालायची. दुसरा, ग्राफिक्सचं काम करायचं तर मशीन कोणतं घ्यायचं. थर्ड इयरला आलं की हे दुसरं भांडण फार जोरात येतं. कुणाला व्हीएफएक्समध्ये जायचं असतं, कुणाला गेम बनवायचे असतात, सिव्हिलवाल्यांना इमारतींचे थ्रीडी व्ह्यू काढून पॉकेटमनी कमवायचा असतो. मग आमच्या मजल्यावरची मॅकवाली म्हणते, "एकदा मॅक वापरून बघ, परत मागे वळून बघणार नाहीस." समोरच्या विंगमधली गेमर म्हणते, "त्या पैशात दोन पीसी येतात न बे!" आणि लिनक्सवाली काहीच म्हणत नाही, फक्त काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप करत आपल्याकडे दयेने बघते.

मी या तिन्ही पक्षांचं ऐकलं. गेल्या उन्हाळ्यात माझ्यावरही निर्णयाची वेळ आली होती. हातात होते ८५ हजार रुपये, बाबांनी दिलेले. पण मला खरा प्रश्न विचारला तो या तिघींपैकी कुणी नाही, बाबांनीच. तो प्रश्न सांगण्याआधी आमच्या दुकानाबद्दल सांगायला हवं.

वडशाचं दुकान

आमचं गाव वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. नागपूरच्या मुलांना हे नाव माहीत नसतं, पण झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी आहे. दिवाळी झाली, धान निघाला की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर नाटकं चालतात. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात, बुकिंग वडशात. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात दिवाळीच झाली होती.

आता नाटक म्हटलं की पोस्टर आलं. ते माझे बाबा करतात. २००३ साली त्यांनी कर्ज काढून एक असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला, पानं लावायचं एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि मराठी फॉन्टचं एक पॅकेज विकत घेतलं. हो, विकत! त्या पॅकेजबरोबर बोटभर लांबीचं एक लॉक यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलं तरच फॉन्ट चालायचे. सोळा वर्षं बाबांनी त्यावर पोस्टरं केली. नाटकाचं नाव लाल जाड अक्षरात, खाली नटांचे गोल फोटो, त्याखाली गाव, तारीख आणि तिकिटाचे दर.

२०१९ च्या पावसाळ्यात वीज पडली आणि मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली होती, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. नवा कॉम्प्युटर आणला. आणून बघतो तर त्याच्या मागे ते जुनं पोर्टच नाही! लॉक लावायचं कुठे? पॅकेजवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले नवीन व्हर्जन घ्या, पण जुन्या फाइली जशाच्या तशा उघडतील याची हमी नाही. बाबांनी तरीही एक फाइल उघडून पाहिली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. मी नववीत होते. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माज्याच हातानं टाइप केलेलं, अन् मलेच वाचता येत नाई."

म्हणून ८५ हजार माझ्या हातात देताना त्यांनी रॅम किती, कार्ड कोणतं असलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "दहा सालानं याच्यातलं काम उघडन का?"

मेसमधल्या सगळ्या वादात हा प्रश्न मी एकदाही ऐकला नव्हता. माझ्या मते प्लॅटफॉर्म निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

राजे येतात, राजे जातात

ग्राफिक्सच्या दुनियेत आज जो राजा आहे तो उद्या असेलच असं नाही. 'ज्युरासिक पार्क' आपण सगळ्यांनी पाहिलाय. १९९३ चा सिनेमा. त्यातले डायनोसॉर सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या वर्कस्टेशनवर तयार झाले. सिनेमात ती छोटी मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून "ही तर युनिक्स सिस्टिम" म्हणते न, तो स्क्रीनवरचा प्रोग्रामही खोटा नव्हता, सिलिकॉन ग्राफिक्सचाच होता. त्या काळी ग्राफिक्स करायचं म्हणजे हेच मशीन घ्यायचं, यात वादच नव्हता. पुढे काय झालं? साध्या पीसीमध्ये स्वस्त ग्राफिक्स कार्डं आली. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, २००९ मध्ये पुन्हा केली आणि कंपनी विकली गेली. कॅलिफोर्नियातल्या तिच्या जुन्या आवारात आता गूगलचं मुख्यालय आहे.

त्याच सिनेमात डायनोसॉरच्या हालचालींसाठी सॉफ्टइमेज हे सॉफ्टवेअर वापरलं होतं. ते पुढे ऑटोडेस्कने विकत घेतलं आणि २०१४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षं त्यावर हात बसवला होता, त्यांना पुन्हा पहिलीपासून गिरवावं लागलं. ॲपलचीही तीच गोष्ट. शेक हे कंपोझिटिंगचं नामांकित सॉफ्टवेअर ॲपलने २००२ मध्ये घेतलं आणि २००९ मध्ये बंद केलं. २०११ मध्ये फायनल कटची नवी आवृत्ती आली ती जुने प्रोजेक्ट उघडतच नव्हती, आणि एडिटर मंडळींनी डोक्यावर हात मारला.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचा लाडका पेजमेकर? १९८५ साली मॅकिंटॉश, लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर हे त्रिकूट आलं आणि त्यातून डीटीपी हा धंदाच जन्माला आला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. नंतर काही वर्षं त्याच्या फाइली इनडिझाइनमध्ये उघडायच्या, क्रिएटिव्ह क्लाउड आल्यावर तेही बंद झालं. कोरलड्रॉचा तर इतिहासच मजेशीर आहे. २००० साली लिनक्ससाठी निघालं आणि लवकरच गुंडाळलं गेलं. मॅकवरून गेलं, ते थेट २०१९ मध्ये परत आलं.

हे सगळं का सांगतेय? "हाच प्लॅटफॉर्म प्रोफेशनल, बाकी सगळे खेळणी" असं जो ठामपणे सांगतो, त्याचं बोलणं आजच्यापुरतं खरं असू शकतं. आपलं करिअर मात्र चाळीस वर्षांचं आहे.

आधी काम, मग सॉफ्टवेअर, मग मशीन

आपण उलट्या क्रमाने जातो. आधी लॅपटॉप आवडतो, मग त्यावर काय चालेल ते बघतो, मग त्यातून काय काम जमेल ते ठरवतो. हे म्हणजे आधी चप्पल घ्यायची आणि मग पाय कापायचे.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्या मित्रांनो, तुमचा वाद तर सुरू होण्याआधीच संपतो. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, सॉलिडवर्क्स, हे सगळं फक्त विंडोजवर चालतं. तुम्हाला इमारतींचे व्ह्यू किंवा मशीनच्या पार्टांचं मॉडेलिंग करायचं असेल तर विंडोज घ्या आणि तो वेळ अभ्यासाला द्या.

व्हिडिओ एडिटिंग, जाहिराती, मोबाइल ॲपचं डिझाइन, चित्रं रंगवणं यात रस असेल तर मॅकवालीचं म्हणणं मला मान्य आहे. मॅकचा स्क्रीन रंगाला खरा असतो, बॅटरी टिकते, पंख्याचा आवाज नाही. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली तेव्हापासून प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, म्हणून मोठा सीनसुद्धा मावतो. साध्या पीसीत कार्डाची मेमरी वेगळी असते. ८ जीबीच्या कार्डात १० जीबीचा सीन ढकलला की रेंडर तरी अडतो नाहीतर रांगतो.

मग थ्रीडीवाले मॅकपासून लांब का? कारण एनव्हिडिया. थ्रीडीचे बरेच रेंडरर आधी एनव्हिडियाच्या क्यूडावर लिहिले गेले. ॲपल आणि एनव्हिडिया यांचं बिनसलं. २०१८ च्या मोहावीपासून एनव्हिडियाची नवी कार्डं मॅकवर चालेनाशी झाली आणि त्याच वर्षी ॲपलने ओपनजीएललाही निवृत्तीचा रस्ता दाखवला. मध्ये दोन-तीन वर्षं थ्रीडीवाल्यांची फारच पंचाईत झाली. २०२२ मध्ये ब्लेंडरला ॲपलच्या मेटलचा आधार मिळाला तेव्हा थोडं सावरलं. पण तेवढ्याच पैशात रेंडरचा जास्त वेग हवा असेल तर आजही एनव्हिडियाचं कार्ड असलेला पीसीच घ्यावा, असं माझं मत आहे.

वेग कशाला हवा, याचं साधं गणित मांडते. दहा सेकंदांचा ॲनिमेशनचा तुकडा म्हणजे २४० फ्रेम. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तर १२०० मिनिटं, म्हणजे वीस तास. आता हे वीस तास नागपूरच्या मे महिन्यात मोजा. बाहेर ४५ डिग्री, खोलीत कूलरची दमट हवा, आणि लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी स्पीड कमी करतोय. वीसचे तीस होतात. त्यातच लाइट गेली की संपलंच! म्हणून मशीन कोणतंही घ्या, पण दोन गोष्टी करा. थ्रीडी करायचं असेल तर शक्यतो डेस्कटॉप घ्या, त्याच्या पोटात हवा खेळते. आणि रेंडर नेहमी सुट्या चित्रांच्या मालिकेत काढा, थेट व्हिडिओ फाइलमध्ये नको. १८७ व्या फ्रेमला लाइट गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. व्हिडिओ फाइल अर्धवट राहिली तर ती सहसा उघडतसुद्धा नाही. हा धडा मला सेकंड इयरच्या गॅदरिंगच्या आदल्या रात्री मिळाला आहे, फुकट नाही.

लिनक्सवाली गप्प का असते?

कारण तिला माहीत असतं की सिनेमाचे मोठे स्टुडिओ तिच्या बाजूने आहेत. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. १९९७ च्या 'टायटॅनिक'साठी डिजिटल डोमेन या स्टुडिओने शंभराहून जास्त अल्फा मशीन लिनक्सवर चालवून बोट बुडवली होती! सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशीनवरही युनिक्सच होतं, त्यामुळे त्या कंपनीचे दिवस फिरल्यावर स्टुडिओंना लिनक्स जवळचं वाटलं. हजारो मशीनचं रेंडर फार्म असेल तर प्रत्येक मशीनला वेगळं लायसन कोण भरणार? शिवाय स्क्रिप्ट लिहून हजार मशीनला एकाच वेळी कामाला लावता येतं. माया, हुडिनी, न्यूक ही मोठ्या स्टुडिओंची सॉफ्टवेअर म्हणूनच लिनक्सवरही मिळतात. कोणत्या वर्षी कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती धरायची, याचं एक सामाईक वेळापत्रकच हे स्टुडिओ आणि सॉफ्टवेअरवाले पाळतात.

पण तिचंही सगळंच खरं नाही हं. फोटोशॉप, आफ्टर इफेक्ट्स लिनक्सवर नाहीत. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर चालते, पण आपल्या मोबाइलमध्ये शूट केलेल्या नेहमीच्या एच-२६४ फाइली ती घेत नाही. लिनक्सलाही मरण नाही असं नाही. बरेच स्टुडिओ ज्यावर उभे होते त्या सेंटओएस-७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्यांना बिऱ्हाड रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर हलवावं लागलं. फरक एवढाच, की बिऱ्हाड हलवताना भांडी तीच राहिली.

यातून माझ्यासारखीने घ्यायचं ते हे, की व्हीएफएक्समध्ये नोकरी करायची असेल तर मशीन कोणतंही असो, लिनक्सची कमांड लाइन आणि पायथन आलंच पाहिजे. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. चित्रं आपल्यापेक्षा चित्रकला महाविद्यालयाची मुलं चांगली काढतील. आपली खरी जागा चित्र काढणाऱ्याच्या मागची पाइपलाइन सांभाळण्यात आहे.

आणि फुकटातलं म्हणजे हलकं, हा समजही सोडा. ब्लेंडर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बुडीत निघाली होती. जगभरच्या लोकांनी वर्गणी करून एक लाख युरो जमवले, आपल्या गणेश मंडळासारखे, आणि तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. २०२५ मध्ये ज्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या सिनेमाला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, तो त्याच ब्लेंडरमध्ये केलाय. ब्लेंडर तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारखाच चालतो.

इथे एक कडू गोष्टही बोलायला हवी. हॉस्टेलवर निम्म्या मशीनवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आहे. सर, मॅडम, तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही. पण माझ्या बाबांनी त्या काळात फॉन्ट विकत घेतले, जेव्हा बाजूचा दुकानदार कॉपी मारून हसत होता. आणि आज गरजही नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी फुकट देतं, हुडिनी आणि न्यूकच्या शिकाऊ आवृत्त्या आहेत. त्यावर धंदा करता येत नाही, एवढंच. धंद्यासाठी ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप आहेतच. चोरीच्या पायावर "प्रोफेशनल" हा शब्द शोभत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वेलांटी आधी की नंतर?

आता मराठीकडे येते. मेसमधल्या वादात हा मुद्दा कुणीच काढत नाही, कारण आपण सगळे इंग्रजीतच डिझाइन करतो. पण बर्डीवरून धरमपेठेपर्यंत चालत जा आणि फ्लेक्स वाचा. कुठे वेलांटी अक्षराच्या पुढे निसटलेली, कुठे जोडाक्षराचा पाय मोडून खाली लोंबतोय. हे दरवेळी लिहिणाऱ्याचं अज्ञान नसतं. देवनागरी हे एकापुढे एक अक्षर ठेवत जाण्याचं काम नाही. 'कि' टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण दिसताना वेलांटी आधी दिसली पाहिजे. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सगळं जागेवर बसवायला प्रोग्राममध्ये खास इंजिन लागतं. फोटोशॉपमध्ये ते अनेक वर्षं नव्हतं, आता आहे. इनडिझाइनमध्ये ते २०१२ च्या सीएस-६ पासून नीट मिळालं. गंमत म्हणजे लिनक्सवरचे गिम्प आणि इंकस्केप हे काम कितीतरी आधीपासून बरोबर करत होते.

आणि या गोष्टीची मुळं आपल्याच मातीत आहेत, हे किती जणांना माहीत आहे? अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ साली इंजिनिअर झाले. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्याला सीडॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम तयार झाला, हे आपण जीकेमध्ये पाठ केलंय. पण त्याच सीडॅकमध्ये जिस्ट हा विभागही होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम तिथे वाढलं. पीसीमध्ये एक कार्ड बसवायचं आणि इंग्रजी डॉसवर मराठी उमटायचं! भारतीय लिप्यांचं इस्की हे प्रमाण त्या काळातलंच, आणि युनिकोडमधल्या देवनागरीचा साचा त्यावरूनच घेतलाय. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फॉन्ट आपल्याच र. कृ. जोशींनी रेखला. आता तर मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू यांसारखे सुंदर फॉन्ट सगळ्यांसाठी खुले आहेत. कुठलंही लॉक नाही.

बाबांच्या फाइलींचं कुलूप याच ज्ञानाने उघडलं. सेकंड इयरच्या सुट्टीत मी त्या जुन्या फाइलींच्या पोटातून मजकूर बाहेर काढला. दुकानाच्या भिंतीवर छापील पोस्टरं चिकटवलेली होतीच. त्यांच्याशी ताडून बघत एक-एक चिन्ह ओळखलं. डॉलर म्हणजे कुठलं अक्षर, कंस म्हणजे कुठली मात्रा, असा तक्ताच केला. मग पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यावी लागली. रफारचं उलट, तो मागे आणावा लागला. पहिल्यांदा चालवलं तेव्हा निम्म्या नटांची नावं मोडली. पाचव्या-सहाव्या दिवशी एक आख्खं पोस्टर स्क्रीनवर शुद्ध मराठीत आलं. बाबांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. नाटकाचं नाव, कलावंत, गावाचं नाव, तारीख, खुर्ची इतके रुपये, गादी इतके रुपये. त्यातले दोन कलावंत आता हयात नाहीत. वाचून झाल्यावर बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "दुसरं उघड."

मजकूर परत आला, पण पोस्टरांची मांडणी, अक्षरांची वळणं, बाबांनी रात्र-रात्र जागून केलेल्या किनारी गेल्या त्या गेल्याच.

तर मग मी काय घेतलं?

मी डेस्कटॉप असेंबल करून घेतला. १२ जीबी मेमरीचं एनव्हिडियाचं कार्ड, ३२ जीबी रॅम, एक बरा स्क्रीन आणि छोटा यूपीएस. एका पार्टिशनवर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. प्रोसेसर थोडा खालचा घेतला आणि वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घेतली. मॅकवालीने नाक मुरडलं, लिनक्सवाली पहिल्यांदाच हसली. पण हे माझं उत्तर आहे, तुमचं वेगळं असू शकतं. ज्याला एडिटिंगच करायचंय त्याने खुशाल मॅक घ्यावा. उत्तर वेगळं चालेल, प्रश्न मात्र तोच विचारा, माझ्या बाबांचा.

त्यासाठी मी तीन नियम केलेत. पहिला, प्रत्येक कामाची एक प्रत कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या स्वरूपात ठेवायची. चित्रांसाठी ओपनईएक्सआर आहे, ते 'ज्युरासिक पार्क'वाल्यांच्याच आयएलएमने २००३ मध्ये खुलं केलं. थ्रीडी सीनसाठी यूएसडी आहे, ते पिक्सारने २०१६ मध्ये खुलं केलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओंनी फुकट का वाटलं असेल? त्यांनाही बाबांसारखाच अनुभव आला असणार! दुसरा नियम, मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्ये. तिसरा, बटणं पाठ करण्याआधी प्रकाश, रंग, हालचाल यांची तत्त्वं शिकायची. बटणं दर पाच वर्षांनी बदलतात. सावली मात्र उजेडाच्या विरुद्ध दिशेलाच पडते, ती कुठल्याही कंपनीची नाही.

शेवटी कॉलेजला दोन विनंत्या, चिडून नाही, आपलेपणाने. लॅबमधल्या निदान दहा मशीनवर लिनक्स आणि ब्लेंडर टाकून द्या. ज्याच्या घरून ८५ हजार येऊ शकत नाहीत त्यालाही हे शिकता आलं पाहिजे. आणि दुसरी, आपल्या या अंकाच्या मराठी विभागाची. आपले जुने अंक अजूनही अशाच एका कुलूपबंद फॉन्टमध्ये पडून आहेत. मी दोन वर्षांपूर्वीच्या अंकाची सीडी मागून घेतली, त्यातली मराठी पानं माझ्या मशीनवर डॉलर आणि कंसच दाखवतात. इंग्रजी विभाग मात्र स्वच्छ उघडतो. माझ्यासारखी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मराठीत लिहायला बसते आणि ते मराठी दहा वर्षांनी कुणाला उघडताच येत नाही, हे काही बरोबर नाही न?

तक्ता माझ्याकडे तयार आहे. प्रोग्रामही आहे, थोडा बदल केला की आपल्या फॉन्टलाही चालेल. दोन-तीन जण मदतीला आले तर पुढच्या गॅदरिंगआधी दहा वर्षांचे अंक उघडून देऊ. हा लेख मी युनिकोडमध्येच टाइप करून दिला आहे. संपादक महोदय, कृपया तो तसाच राहू द्या.